काळं पान

“डोये तर एकदम चांगले आहेत हिचे!”

संजयने पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. दारातूनच त्याने हे वाक्य घरात फेकलं आणि... एरवी माणसाचे डोळे शाबूत आहेत म्हटल्यावर देवापुढे साखर ठेवतात, पण त्या घरात असा सन्नाटा पसरला की जणू कोणी गेल्याची बातमी आली असावी! त्याच्यामागे साधना उभी होती, त्याची थोरली बहीण. यवतमाळहून मारेगावपर्यंत बसमध्ये आणि तिथून गावापर्यंत मोटारसायकलवर भाऊ तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता, आणि तिनेही त्याला बोलतं केलं नव्हतं. बोलून तरी काय सांगणार होती ती?

त्यांची आई, विमलताई, खाटेवर बसून वाती वळत होत्या. वाती वळणं हे आता नुसत्या बोटांच्या सवयीचं काम उरलं होतं. समोरचं सगळं त्यांना धुरकट दिसे, पण ते त्या कबूल करत नसत, आणि तसं त्यांना म्हणायची घरात कोणाची छातीही नव्हती.

“म्हंजे? मोतीबिंदू नाही?”

“कायचा मोतीबिंदू! चष्म्याचीबी गरज नाही म्हणे, काहीच नाही. हे तिथंबी चाचरत होती, मले हे नाही दिसत, मले ते नाही दिसत... डॉक्टरनं मशीनीतून पाह्यलं न हासले.” संजयचा आवाज चिरकला. “ताई, दिसत होतं ना तुले? मंग अंतरपाट काहून फाटला? तसे टाके काहून घातले, सांग ना!”

आतल्या खोलीच्या दारात संजयची बायको वैष्णवी उभी होती, कुशीत सव्वा महिन्याची लेक. तिचे ओठ काहीतरी बोलायला उघडले. साधनाने तिच्याकडे नुसतं पाहिलं, आणि ते ओठ तसेच मिटले. एवढं मात्र साधनाच्या त्या चांगल्या डोळ्यांना बरोबर जमलं!

“मी सांगतो काहून ते,” विमलताई वातींची परडी बाजूला सारत म्हणाल्या, आणि त्यांचा शब्दन् शब्द तोलूनमापून येत होता. “सोताचा संसार झाला नाही ना... बहिणीचा पाहावला नसन तिले.”

 साधना न्हाणीत गेली आणि पाय धुऊ लागली, कितीतरी वेळ धूतच राहिली.

देवा, काय ही माणसाच्या मायेची परीक्षा! ज्या बहिणीचं सुख तिला पाहवलं नाही असं तिची जन्मदाती म्हणत होती, ती नयन तिच्याच मांडीवर वाढली होती. साधनाला लग्नानंतर वर्षाच्या आतच नवऱ्याने माहेरी आणून सोडलं, कारण काय ते त्याने सांगितलं नाही आणि इकडच्यांनी फार विचारलंही नाही. त्याच साली विमलताईंना उतारवयात नयन झाली. आई शेतात आणि लेक घरात, असं करता करता साधनाने पुन्हा लग्नाचा विषय काढू दिला नाही. नयनच्या वेण्या, नयनची शाळा, नयनचा गोवर, आणि नयनच्या अंगावरचा प्रत्येक फ्रॉक... सगळं साधनाच्या हातचं. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज ती शिवायची, पण तिचं खरं शिवण नयनसाठी राखून ठेवलेलं असायचं.

मग पुसदहून वैष्णवी सून होऊन आली आणि सोबत तिच्या बापाने दिलेलं नवं मशीन आलं. नुसतं चाक फिरवलं की हव्या त्या नमुन्याचा टाका घालणारं! पानांची वेल म्हणा, कंगोरे म्हणा, मधमाशीच्या पोळ्याची जाळी म्हणा. साधना पहिल्या दिवशी त्याच्यासमोर लहान पोरीसारखी बसून राहिली. सुई आपोआप डावी-उजवीकडे नाचते, खालून कापड पुढे सरकतं, आणि मागे एकामागून एक पान उमटत जातं... तिला हसूच आवरेना. वैष्णवीने तिला चाकं शिकवली आणि तिने वैष्णवीला कापडाची नस शिकवली. दुपारच्या वेळी नणंद-भावजय त्या मशीनवर आळीपाळीने बसत, आणि दोघींनी मिळून घरातली एक उशी, एक पडदा बिनवेलीचा ठेवला नाही.

विमलताईंचं मात्र या सुनेशी कधी जुळलं नाही. पहिल्याच वर्षी वैष्णवीचा गर्भ टिकला नाही, तेव्हापासून त्या तिला पांढऱ्या पायाची म्हणू लागल्या. एकदा तर तिची बॅग भरून ओसरीवर आणून ठेवली होती. साधनाने ती उचलून परत आत नेली, म्हणून निभावलं.

अशात गेल्या वैशाखात नयनचं लग्न ठरलं, मुकुटबनच्या घरी. हल्ली अंतरपाटही नक्षीचा लागतो, तेव्हा वैष्णवीने साधनाच्या कानात हौसेने सांगितलं, नणंदेचा अंतरपाट मी करीन! घरचं शिवण साधनाचंच, असं धरून विमलताईंनी ट्रंकेतून आपल्या लग्नाचा मोतिया शालू तिच्या हाती काढून दिला. त्यातलं मधलं रेशीम घेऊन वैष्णवीने चारही कडांनी सोनेरी दोऱ्याची वेल घातली, पानाला पान भिडवून, अगदी दाट. हळदीच्या संध्याकाळी तिने तो साधनासमोर उलगडला. साधनाचे हात पिठात होते, बाहेर पाहुणे जेवायला खोळंबले होते. “किती सुंदर वो!” एवढंच ती म्हणाली. एरवी प्रत्येक शिवलेलं कापड ती उजेडासमोर धरून पाही. त्या दिवशी तिने ते केलं नाही.

आणि आणखी एक गोष्ट राहिली. त्या घरात आईकडून लेकीकडे आलेली एक रीत होती. शुभकार्याच्या प्रत्येक कापडावर नक्षीत कुठेतरी एक काळं पान घालायचं, बाळाच्या गालावर तीट लावतात तसं, दृष्ट लागू नये म्हणून. विमलताई ते हाताने घालत. साधना मशीन थांबवून, सोनेरी दोरा काढून काळा ओवायची, एकच पान उमटवायची आणि परत सोनेरी ओवायची. ते घातलं आहे हेच कोणाला सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो असं विमलताई म्हणत. म्हणून वैष्णवीला त्याचा पत्ताही नव्हता. हळदीची पंगत उठली की आपण ते पान घालू, असं साधनाने मनाशी ठरवलं होतं... आणि पाहुण्यांच्या गर्दीत ती विसरली!

दुसऱ्या दिवशी मांडवात दोन्हीकडच्या मामांनी अंतरपाट ताणून धरला. शेवटच्या ‘सावधान’ला अक्षतांचा पाऊस पडला आणि त्याच क्षणी चर्रर्र... जुनं रेशीम सुईच्या दाट भोकांवरून, वेलीच्या रेघेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटत गेलं. सोनेरी वेल मामांच्या हातात लोंबत राहिली. वाजंत्री थांबली. नयनची सासू पुढे आली.

“कोण्या हातानं शिवला हा अंतरपाट?”

विमलताईंची नजर सुनेकडे वळली. वैष्णवीच्या मुठीत अजून अक्षता होत्या आणि पोटात तीन महिन्यांचा जीव होता, जो राहावा म्हणून साधनाने मंगळवार धरले होते. तिचा चेहरा पांढराफटक पडला. आता ही बॅग ओसरीवर नाही, थेट पुसदच्या गाडीत जाणार, हे साधनाला लख्ख दिसलं. आणि त्याबरोबर हेही की, काळं पान घालायचं मी विसरले... मग हा दोष माझाच नाही का?

“म्या,” ती म्हणाली. “माह्याच हातचा आहे. डोयाले कमी दिसून राह्यलं आजकाल... चुकले बापा, पदर पसरतो.”

मशीनचं पान कोणाच्याही हातून सारखंच उमटतं, तेव्हा कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं. डोळे अधू झालेल्या बाईवर कोण किती रागावणार? लग्न पार पडलं. पण एकदा बोललेलं खोटं निभवावं लागतं, आणि ते साधनाला रोज उठून निभवावं लागलं! तिने आपलं शिवण बंद केलं. ब्लाऊजची कापडं बायका परत घेऊन गेल्या. गुंडी तुटली तर ती सुई-दोरा घेऊन संजयपुढे जाई, “ओवून दे रे, नेढं नाही दिसत.” तांदूळ निवडताना तिला खडा स्वच्छ दिसे, तरी एखादा ती तसाच ठेवी, आणि जेवताना तो आईच्या दाताखाली आला की निमूट बोलणी खाई. दिसत असून न दिसल्यासारखं जगायचं... डोळ्यांत तेल घालून जगण्यापेक्षा ते कठीण असतं.

फक्त कापूस वेचणीच्या दिवसांत, घर शेतावर गेलं की, समोरच्या खोलीतलं मशीन हळूच चालू होई. आत दिवस भरत आलेली वैष्णवी भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. तो आवाज ती ऐके आणि उशीत तोंड खुपसून रडे, पण उठून बाहेर येत नसे. कसली भीती होती ती! खरं बोलायला एकदा उशीर झाला की प्रत्येक दिवशी तो वाढतच जातो.

दिवाळीत नयनच्या नवऱ्याला अपघात झाला, पायात सळई घालावी लागली. सासरी पुन्हा अंतरपाटाचा विषय निघाला. तरीही नयन फोनवर साधनालाच समजावत होती, “तू मनावर नोको घेऊ ताई. डोयाचं काय करते कोणी?” त्या एका वाक्यावर साधनाने सगळे दिवस काढले असते. पण संजयला बहिणीची कीव आली, तिने नाही नाही म्हटलं तरी तो तिला यवतमाळला डोळे दाखवायला घेऊन गेला. भावाची मायाच शेवटी तिच्या मुळावर आली!

विमलताईंनी त्याच संध्याकाळी नयनला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. सगळं ऐकून नयन म्हणाली, आणि साधनाला ते चुलीपाशी बसून ऐकू आलं, “मी बारशाले येतो. पण ताईले म्हणा... माह्यासमोर येऊ नोको.”

एक शब्द! वैष्णवीचं नाव घेतलं असतं तर तिची नयन तिला परत मिळाली असती. साधनाने आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे वैष्णवी लेकीला पाजत होती. त्या लेकरासकट पुसदची वाट धरावी लागली तर?... साधनाने चुलीत काटकी सारली आणि तो शब्द गिळून टाकला.

बारशाच्या दिवशी अंगण बायकांनी भरलं. पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली घुगऱ्यांचं पातेलं. बाळाला कुंची घालायची आणि कानात नाव सांगायचं तो मान आत्याचा, आणि थोरल्या आत्याचा पहिला. पण थोरली आत्या मागच्या स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होती. तिने बाहेर येऊ नये असं विमलताईंनी सकाळीच बजावलं होतं. नयन आली, आईला भेटली, वैष्णवीला भेटली, आणि स्वयंपाकघराच्या दारावरून मान न वळवता पुढे अंगणात गेली. बिचारीचा चेहरा किती उतरला होता! साधनाने तो दाराच्या फटीतून पाहून घेतला, तेवढ्यावरच तिने समाधान मानलं.

नयनने वणीच्या बाजारातून आणलेली कुंची पुढे केली. पण वैष्णवीने ती घेतली नाही. तिने बाळाच्या दुपट्याखालून दुसरीच एक कुंची काढली. पिवळ्या मऊ सुताची, कडेने हिरव्या पानांची वेल.

“हिच्यासाठी ही शिवली आहे,” ती म्हणाली आणि कुंची सासूपुढे धरली.

“कोणी शिवली?” विमलताईंनी विचारलं.

“ताईनं. तुम्ही सगळे वेचणीले जात होते तवा. तुमच्यासमोर तिले शिवता येत नव्हतं ना आई... कारण आंधळं व्हाचं होतं तिले! माह्यासाठी!” आणि इतके महिने अडवून धरलेला बांध फुटला. “अंतरपाट म्या शिवला होता. वेल म्या घातली. ताईनं हातबी नव्हता लावला. मले बोलता आलं नाही... मले तुमचं भेव वाटलं!”

बायकांमध्ये कुजबुज उठली. संजय दारातच खांबाला धरून उभा राहिला. विमलताई ताडकन उठल्या, इतक्या दिवसांचा त्यांचा राग जुन्या वाटेने पुन्हा सुनेकडे धावला.

“पांढऱ्या पायाची ते पांढऱ्या पायाचीच! माह्या पोरीच्या लगनात अपशकून केला न वरतून माह्याच घरात गप बसून खाल्लं! ऊठ. आत्ताच्या आत्ता पुसदले...”

“माय!”

स्वयंपाकघराच्या दारात साधना उभी होती. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर घाम. ती पाळण्यापाशी आली, वैष्णवीच्या पुढे उभी राहिली.

“खोटं बोलून राह्यली ते,” ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता आणि म्हणूनच ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. “मले वाचवाले बोलून राह्यली. तू म्हणत होती तेच खरं आहे माय. मले नयनचं सुख पाहावलं नाही. म्या जळून केलं. दिसत होतं, तरी केलं... घालवाचं तं मले घालव. ओल्या बाळंतिणीले दाराबाहेर नोको काढू.”

नयनने तोंडावर हात घेतला.  विमलताई मात्र लेकीच्या आवाजाकडे कान देऊन उभ्या राहिल्या, जणू तो आवाज त्यांनी फार दिवसांनी ऐकला होता. मग भिंतीला हात लावत त्या आत गेल्या. ट्रंकेची कडी वाजली. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तो फाटका अंतरपाट होता, लग्नाच्या दिवशी गुंडाळून ठेवलेला, त्यानंतर कोणी न उघडलेला.

“नयन,” त्या म्हणाल्या, “इकडं उजेडात ये. मले दिसत नाही.”

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच हे कबूल केलं होतं.

“या वेलीत एखांदं कायं पान आहे का, पाह्य.”

साधना पुढे झाली. “माय, कायले आता ते...”

“तू बोलू नोको. पाह्य नयन.”

नयनने दोन्ही तुकडे मांडीवर घेतले. सोनेरी पानांवरून तिचं बोट सरकत राहिलं. एक कड, दुसरी कड, फाटलेली कड... अंगणात कोणी हलत नव्हतं.

“नाही माय.”

“नीट पाह्य.”

“सगळी सोनेरीच आहेत. एकबी नाही.”

“आता कुंचीत पाह्य.”

नयनने कुंची घेतली. हिरव्या वेलीत, बाळाच्या मानेमागे दडेल अशा जागी, एक इवलंसं काळं पान होतं. तिचं बोट तिथेच थांबलं. मग तिने नकळत आपल्याच पदराचा काठ चाचपला. त्या लुगड्याला लग्नाआधी साधनानेच वेल घातली होती, त्याच्या वेलीतही तिला लहानपणापासून ओळखीचा तो काळा ठिपका सापडला. प्रत्येक फ्रॉकवर असायचा तो! ती विचारायची, हे काय आहे ताई? साधना म्हणायची, काही नाही वो, दोरा चुकला.

“सोन्यासारख्या बहिणीचा अंतरपाट,” विमलताई हळूहळू म्हणाल्या, “माही साधना तिटेबगर हातातून सोडन का कधी? दुष्मनाच्या लेकीचाबी सोडणार नाही ते. आणि म्या... इतके महिने ट्रंक उघडली नाही. एकदा कोणाले पाह्य म्हणलं असतं तरी समजलं असतं मले.”

नयन उठली आणि साधनाच्या गळ्यात पडली. पिठाचे हात तिच्या पाठीला लागू नयेत म्हणून साधनाने ते वरच धरले होते. “ताई, म्या तुले म्हणलं, समोर येऊ नोको... म्या म्हणलं वो तुले!” ती हुंदक्यांतून एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.  साधनाच्या मनात जे तुटलं होतं ते एका मिठीने सांधणारं नव्हतं, जसं ते रेशीमही पुन्हा सांधणारं नव्हतं, सुईची भोकं त्यातून कधीच जाणार नव्हती. तिची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली होती, जावयाच्या पायातली सळई तशीच होती, मुकुटबनला बोलणारी तोंडं बंद होणार नव्हती. पण नयनचं डोकं तिच्या खांद्यावर होतं, लहानपणी ताप आला की असायचं तसं.

विमलताईंनी सुनेला जा म्हटलं नाही की राहा म्हटलं नाही. त्यांनी नुसती आपली जागा सोडून पाळण्याजवळचा पाट रिकामा केला आणि वैष्णवीला हाताला धरून त्यावर बसवलं. लेकीची क्षमा मागायला त्यांच्याजवळ शब्द नव्हते, त्यांच्या पिढीला ते कोणी शिकवलेही नव्हते. बाळाच्या मनगटात बांधायचे काळे मणी ताटात तसेच सुटे पडले होते. त्यांनी ते ताट चाचपत उचललं, त्यातली सुई आणि काळा दोरा घेतला, आणि साधनासमोर धरला.

“नाव तूच ठेवजो, तुहाच मान आहे. पण आधी हे ओवून दे माय,” त्या लेकीला म्हणाल्या. “मले नाही दिसत. तुले दिसते.”

साधनाने हात पुसले. सुई उजेडासमोर धरली, दोऱ्याचं टोक ओठात ओलं करून नेढ्याजवळ नेलं. एकदा चुकलं. पुन्हा नेलं, पुन्हा चुकलं. सगळ्या बायका पाहत होत्या, वैष्णवी पाहत होती, आणि साधनाच्या डोळ्यांतून पाणी असं वाहत होतं की इतक्या महिन्यांत आज पहिल्यांदा तिला खरोखरच नेढं दिसत नव्हतं!